प्राथमिक निवडणुकीतील वाक्पारुष्य : अमेरिकी अध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या स्पर्धेतील वाणीचा विचार

१

राजकीय वाणीचा अभ्यास आपल्याकडे बहुधा इतिहासाचे वा राज्यशास्त्राचे अभ्यासक करतात. साहित्याचा अभ्यासक तिकडे वळलाच, तर थोर वक्त्यांच्या गाजलेल्या भाषणांपुरता वळतो. टोमणा, टोपणनाव, अधिक्षेप, उपहास यांना तो अभ्यासविषय मानीत नाही. वस्तुतः भाषेचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा जितकी स्तुतीत दिसते तितकीच निंदेतही दिसते. आपल्या प्राचीन शास्त्रकारांना ही गोष्ट ठाऊक होती. म्हणूनच धर्मशास्त्रात आणि अर्थशास्त्रात ‘वाक्पारुष्य’ हा एक स्वतंत्र व्यवहारविषय मानला गेला आणि वादाचे नियम सांगताना नैयायिकांनी व वैद्यकाच्या आचार्यांनी वादातील भांडणाचाही विचार केला.

प्रस्तुत लेखाचा विषय अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी एकाच पक्षात होणाऱ्या स्पर्धेतील असभ्य वाणी हा आहे. दोन विरोधी पक्षांचे उमेदवार एकमेकांवर तुटून पडतात, यात नवल नाही. परंतु प्राथमिक निवडणुकीत भांडणारे एकाच घरचे असतात. आज ज्याला अपात्र, लबाड वा मूर्ख ठरवायचे, त्याच्याच बाजूने चार महिन्यांनी मते मागायची असतात. मराठीत ‘भाऊबंदकी’ हा जो शब्द आहे, त्याच्या अर्थात हा सगळा ताण सामावलेला आहे. परक्याशी वैर धरता येते आणि सोडताही येते. भाऊबंदाशी वैर धरले, तरी वाडा एकच असतो. अशा स्थितीत उच्चारलेल्या शब्दाचे पुढे काय होते, तो परत घेता येतो काय, आणि तो घेतला तर भाषेचे काय होते, हे या लेखातील मुख्य प्रश्न आहेत.

२

प्रथम संस्थेचा थोडा परिचय आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील पक्ष आपला उमेदवार अधिवेशनात, प्रतिनिधींच्या मतांनी ठरवीत. उमेदवाराने स्वतःसाठी उघड प्रचार करणे अप्रशस्त समजले जाई. त्याच्या वतीने इतर बोलत. विसाव्या शतकाच्या आरंभी सुधारणावादी चळवळीच्या रेट्याने काही राज्यांत प्राथमिक निवडणुका सुरू झाल्या आणि १९१२ साली त्या सुमारे डझनभर राज्यांत घेण्यात आल्या. उमेदवाराला सामान्य मतदारापुढे स्वतः उभे राहून आपल्याच पक्षातील प्रतिस्पर्ध्याविरुद्ध बोलावे लागण्याचा हा पहिला मोठा प्रसंग होता.

तो प्रसंग दोन जिवलग मित्रांवर आला. थिओडोर रूझवेल्ट अध्यक्ष असताना विल्यम हॉवर्ड टॅफ्ट हे त्यांचे युद्धमंत्री होते, आणि १९०८ साली रूझवेल्ट यांनीच त्यांना आपला वारस म्हणून पुढे आणले होते. चार वर्षांत दोघांचे मतभेद विकोपाला गेले व रूझवेल्ट त्यांच्याविरुद्ध रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीसाठी उभे राहिले. रूझवेल्ट यांनी टॅफ्ट यांना मठ्ठ डोक्याचे, गोंधळलेल्या बुद्धीचे म्हटले. टॅफ्ट यांनी रूझवेल्ट यांना लोकांना भडकविणारे आणि अहंमन्य ठरविले. एप्रिल १९१२ मध्ये बॉस्टन येथे मित्राविरुद्ध भाषण करून आल्यावर टॅफ्ट आपल्या आगगाडीच्या डब्यात एकटेच बसले होते. भेटावयास आलेल्या वार्ताहराला रूझवेल्ट आपले सर्वांत जवळचे मित्र होते एवढे सांगून त्यांना रडू कोसळले, अशी नोंद आहे.

रूझवेल्ट यांनी त्या वर्षीच्या नऊ प्राथमिक निवडणुका जिंकल्या. त्यांत टॅफ्ट यांचे स्वतःचे ओहायो राज्यही होते. तथापि बहुतेक राज्यांत प्रतिनिधींची निवड अद्याप पक्षयंत्रणेच्या हाती असल्याने जूनमध्ये शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी टॅफ्ट यांनाच मिळाली. रूझवेल्ट यांनी वेगळा पक्ष काढला. नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे वुड्रो विल्सन सुमारे ४२ टक्के मते मिळवून निवडून आले. रूझवेल्ट आणि टॅफ्ट यांच्या मतांची बेरीज निम्म्याहून किंचित अधिक होती. विद्यमान अध्यक्ष असलेल्या टॅफ्ट यांना केवळ दोन राज्ये मिळाली. शब्दांनी फुटलेला पक्ष मतपेटीत फुटला, असे या घटनेचे सरळ वर्णन करता येईल.

३

प्राथमिक निवडणुकांना निर्णायक महत्त्व आले ते पुष्कळ नंतर. १९६८ साली ह्यूबर्ट हम्फ्री यांना एकही प्राथमिक निवडणूक न लढविता डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळाली. शिकागोच्या त्या अधिवेशनाच्या वेळी सभागृहात आणि रस्त्यावर जो गोंधळ झाला, त्यातून पक्षाने नियम बदलण्यासाठी आयोग नेमला आणि १९७२ पासून उमेदवार ठरविण्याचा अधिकार मुख्यतः प्राथमिक निवडणुकांतील मतदारांकडे आला. रिपब्लिकन पक्षातही हाच बदल झाला. लोकशाहीच्या दृष्टीने हे पाऊल पुढचे होते. मात्र त्याबरोबर पक्षातील भांडण बंद दाराआडून चव्हाट्यावर आले आणि दूरदर्शनच्या पडद्यामुळे तो चव्हाटा देशव्यापी झाला.

या धोक्याची जाणीव पक्षांना नव्हती असे नाही. कॅलिफोर्नियातील रिपब्लिकन पक्षाने १९६६ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीच्या वेळी स्वपक्षीयाविषयी वाईट बोलू नये असा दंडक घालून घेतला होता. बायबलमधील दहा आज्ञांच्या जोडीला ही अकरावी आज्ञा, असे त्याला विनोदाने म्हटले जाई. त्या राज्यातील पक्षाध्यक्षांनी घालून दिलेला हा दंडक पुढे रोनाल्ड रेगन यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला. परंतु १९७६ साली आपल्याच पक्षाचे अध्यक्ष जेरल्ड फोर्ड यांच्याविरुद्ध रेगन उभे राहिले आणि आरंभीच्या निवडणुका हरले, तेव्हा त्यांनाही तो पाळणे अवघड झाले. परराष्ट्रधोरणावरून त्यांनी फोर्ड यांच्यावर कठोर टीका केली व मार्चमध्ये नॉर्थ कॅरोलायना जिंकले. अधिवेशनात फोर्ड यांना १,१८७ तर रेगन यांना १,०७० मते पडली. नोव्हेंबरमध्ये फोर्ड पराभूत झाले.

आज्ञा मोडण्याचे कारण केवळ स्वभावात शोधू नये. ते या स्पर्धेच्या घडणीतच आहे. दोन पक्षांमध्ये धोरणांचे अंतर असते. एका पक्षाच्या उमेदवारांमध्ये ते अल्प असते. मतांत भेद दाखविता येत नाही, तेव्हा तो माणसांत दाखवावा लागतो. त्यात उमेदवार अनेक असले, तर थोड्या मतांनीही पुढे जाता येते आणि लक्ष वेधून घेणे हेच पहिले काम होऊन बसते. २०१५ साली रिपब्लिकन पक्षात सतरा प्रमुख उमेदवार होते. ऑगस्टमधील पहिल्या मुख्य वादसभेच्या व्यासपीठावर दहा जण उभे होते. प्रत्येकाला बोलावयास मिनिट-अर्धे मिनिट मिळते. दुसऱ्याने नाव घेऊन टीका केली, तर उत्तर देण्यासाठी काही क्षण अधिक मिळतात. अशा रचनेत युक्तिवादापेक्षा टोमणा सोयीचा ठरतो, कारण तो तेवढ्या वेळात मावतो.

चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांच्या परस्पर चर्चेचे दोन प्रकार सांगितले आहेत : संधायसंभाषा आणि विगृह्यसंभाषा. पहिली स्नेहभावाने, ज्ञान वाढविण्यासाठी करावयाची, दुसरी जिंकण्यासाठी. दुसरीत उतरण्यापूर्वी प्रतिपक्षी आपल्याहून श्रेष्ठ, कनिष्ठ की समान, आणि सभा जाणती की अजाण, स्नेही, उदासीन की पूर्वग्रहदूषित, हे पारखून घ्यावे असा उपदेश आहे. पुढे एक इशाराही आहे. विगृह्यसंभाषेने काहींच्या मनात तीव्र द्वेष उपजतो, आणि रागावलेल्या माणसाला न करण्याजोगे व न बोलण्याजोगे असे काही उरत नाही; म्हणून शहाणे लोक सज्जनांच्या सभेत कलहाचे स्वागत करीत नाहीत. प्राथमिक निवडणुकीचे स्वरूप या परिभाषेत नेमके सांगता येते. नावाने ती संधायसंभाषा असते, कारण सर्वांचे अंतिम हित एक मानलेले आहे. व्यवहारात ती विगृह्यसंभाषा होते. शिवाय ती ज्या सभेपुढे चालते, ती पक्षाच्या कडव्या अनुयायांची असते. तटस्थ श्रोता तिथे थोडा. टाळ्या आणि हुर्यो मात्र भरपूर.

४

अधिक्षेपाच्या वर्गीकरणासाठी कौटिल्याचे साहाय्य घेता येते. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात वाक्पारुष्याचे प्रकरण आहे. दोष काढणे, तुच्छ लेखणे आणि धमकावणे असे त्याचे प्रकार सांगून शरीर, प्रकृती, श्रुत म्हणजे विद्या, वृत्ती म्हणजे उपजीविका, आणि जनपद म्हणजे देश, अशी त्याची पाच लक्ष्ये कौटिल्याने मोजली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दंडविधानातील ही पाच स्थाने अलीकडच्या प्राथमिक निवडणुकांत एकामागून एक आढळतात.

शरीर : सप्टेंबर २०१५ मध्ये कार्ली फिओरिना यांच्या चेहऱ्याविषयी डोनाल्ड ट्रम्प यांनी काढलेले उद्गार एका नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच महिन्यातील वादसभेत त्याविषयी विचारले असता फिओरिना यांनी, ट्रम्प काय म्हणाले ते देशातील स्त्रियांनी अगदी स्पष्ट ऐकले आहे, एवढेच उत्तर दिले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मार्को रुबिओ यांनी ट्रम्प यांच्या हातांच्या लहानपणावर विनोद केला, आणि ३ मार्च रोजी डेट्रॉइटच्या वादसभेत ट्रम्प यांनी त्याला अशा रीतीने उत्तर दिले की अध्यक्षपदाच्या व्यासपीठावर तसे पूर्वी ऐकिवात नव्हते. प्रकृती : जेब बुश यांना ‘लो-एनर्जी’, टेड क्रूझ यांना ‘लायिन्’ ही विशेषणे चिकटविण्यात आली. श्रुत : १९१२ मधील मठ्ठपणाचा आरोप या वर्गातला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये निक्की हेली यांनी विवेक रामस्वामी यांना, तुमचे बोलणे ऐकले की दर वेळी आपली अक्कल थोडी कमी झाल्यासारखी वाटते, असे सुनावले तेही. हा प्रसंग आणि फिओरिना यांचा वर सांगितलेला प्रसंग असे दोन्ही कॅलिफोर्नियातील रेगन ग्रंथालयात घडले. अकराव्या आज्ञेचे स्मरण ठेवणाऱ्याला हा योगायोग लक्षात घेण्यासारखा वाटेल. वृत्ती : जानेवारी २०१२ मध्ये रिक पेरी यांनी मिट रॉम्नी यांच्या भांडवल-व्यवसायाला गिधाडांची उपमा दिली. जनपद : जानेवारी २०१६ मध्ये क्रूझ यांनी ट्रम्प यांची मूल्ये ‘न्यूयॉर्कची’ असल्याचे म्हटले, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर त्या शहरातील लोक कसे वागले याचे स्मरण देऊन ट्रम्प यांनी तो वार परतविला. २०२४ साली हेली यांचे पाळण्यातले पंजाबी नाव, निमरता, मुद्दाम उचलून आणि चुकीचे लिहून त्यांचे परकेपण सूचित करण्यात आले, तोही जनपदाचाच अधिक्षेप होय.

कौटिल्याची दुसरी सूक्ष्मता दंडाच्या प्रमाणात आहे. काण्याला वा लंगड्याला तसे म्हटले, म्हणजे दोष खरा असला, तर दंड तीन पण. दोष खोटा असला तर सहा. परंतु त्याच काण्याला सुंदर डोळ्यांचा म्हणून उपरोधाने वाखाणले तर बारा. उघड शिवीपेक्षा स्तुतीच्या वेषातील निंदा चौपट दंडनीय ठरली आहे. जानेवारी २००८ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या वादसभेत हिलरी क्लिंटन यांना लोकांना त्या पुरेशा आवडत नसल्याविषयी प्रश्न विचारला गेला, तेव्हा बराक ओबामा यांनी मान वर न करता त्या पुरेशा आवडण्याजोग्या असल्याचा शेरा मारला. त्यात एकही असभ्य शब्द नव्हता. तरी श्रोत्यांच्या स्मरणात तो शेरा त्या स्पर्धेतील अनेक कठोर आरोपांपेक्षा अधिक काळ राहिला. आपल्या आलंकारिकांनी व्याजस्तुतीची गणना अलंकारांत केली आणि दंडनीतीने ती अपराधांत घातली. दोघांचीही निरीक्षणशक्ती सारखीच तीक्ष्ण होती.

५

येथपर्यंतच्या विवेचनात इंग्रजी टोपणनावे मुद्दाम मूळ रूपात ठेवली. त्यांचे मराठीकरण करू लागताच जो प्रश्न उभा राहतो, तो भारतीय भाषांच्या अभ्यासकाच्या दृष्टीने या विषयाचा सर्वांत उद्बोधक भाग आहे.

इंग्रजीत मध्यमपुरुषाला एकच सर्वनाम आहे. तेथे माणसाला कमी लेखावयाचे तर विशेषण लावावे लागते, नाम बदलावे लागते किंवा स्वर चढवावा लागतो. मराठीत हे काम व्याकरणच करते. ‘तुम्ही’चा ‘तू’ झाला, ‘ते म्हणाले’चे ‘तो म्हणाला’ झाले की एकही वावगा शब्द न वापरता अवमान पुरा होतो. नावाला ‘या’ हा प्रत्यय लावला की माणूस क्षणात खाली उतरतो. टेडचा ‘टेड्या’ झाला तर त्याला आणखी विशेषणाची गरज उरत नाही. उलट, आदरार्थी बहुवचन कायम ठेवून शिवी देणे मराठीला जड जाते. ‘लायिन् टेड’ या नावासाठी ‘खोटारडा’ हा शब्द सहज सुचतो. परंतु हे विशेषण विकारी आहे. ‘खोटारडा टेड’ म्हटले की एकेरी आले. आदर राखून ‘खोटारडे टेड’ म्हटले की निंदेला विनोदाची झाक येते. ‘लबाड’ हा शब्द अविकारी असल्याने सोयीचा. पण आई लेकरालाही कौतुकाने लबाड म्हणते. ‘लिटल मार्को’चे ‘छोटा मार्को’ केले तर त्यात जिव्हाळ्याचा सूर शिरतो. ‘लायिन्’ या रूपात शेवटच्या ध्वनीचा लोप करून जी रस्त्यावरची बोली मुद्दाम आणली आहे, तिला तर प्रमाण मराठीत जागाच नाही.

याहून गंभीर अडचण अशी की आपल्या निंदावाचक शब्दांत उच्चनीचतेची स्मृती साठलेली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये मायामीच्या वादसभेत रामस्वामी यांनी हेली यांच्या मुलीचा विषय काढला, तेव्हा हेली यांनी त्यांना ‘स्कम’ म्हटले. मूळ शब्दाचा अर्थ पाण्यावर साचणारा मळ. मराठी अनुवादक बहुधा ‘नीच’ किंवा ‘हलकट’ या शब्दाकडे वळेल. पण ‘नीच’ या शब्दाने जन्माच्या उतरंडीचा संकेत अनुवादात येतो. तो मुळात नाही. वाद घालणारे दोघेही भारतीय वंशाचे, एक पंजाबी शीख घरातून आलेल्या, दुसरे केरळातून तेथे गेलेल्या तमिळभाषी ब्राह्मण घरातले, हे भारतीय वाचकाला ठाऊक असल्याने तर हा संकेत अधिकच बळावतो. अमेरिकी व्यासपीठावर जो केवळ एका रागावलेल्या आईचा उद्गार होता, तो भाषांतरात जातिवाचक होऊन बसण्याचा संभव आहे. अनुवादकाने येथे सौम्य शब्द निवडला तर प्रसंगाची धार जाते, कठोर निवडला तर नवे विष मिसळते.

मराठीत ‘नावे ठेवणे’ असा एक वाक्प्रचार आहे. त्याचा अर्थ नामकरण करणे नसून दोष काढणे असा आहे. बारशाला ‘नाव ठेवतात’ आणि निंदेत ‘नावे ठेवतात’. फरक काय तो अनेकवचनाचा. टोपणनावाची शक्ती कशात आहे हे या वाक्प्रचाराने उघड होते. आरोपाला उत्तर देता येते. नावाला देता येत नाही, कारण उत्तर देणाऱ्यालाही ते नाव उच्चारावे लागते. आरोपाला पुरावा लागतो, नावाला केवळ पुनरुक्ती पुरते. नैयायिकांच्या परिभाषेत सांगावयाचे तर नावे ठेवणे ही वितंडा आहे : तीत स्वपक्षाची स्थापना नसते, प्रतिपक्षाचे खंडन तेवढे असते, आणि या ठिकाणी तर खंडनासाठीही हेतू दिलेला नसतो.

प्रस्तुत लेखात सर्व उमेदवारांचा उल्लेख आदरार्थी बहुवचनात केला आहे. तोही तटस्थ निर्णय नव्हे. त्यांनी एकमेकांविषयी जे अंतर मोडले, ते मराठी व्याकरणाने पुन्हा उभे केले आहे, याची नोंद वाचकाने घ्यावी.

६

असभ्यता आणि कठोरता यांची गल्लत होऊ नये म्हणून दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहिले पाहिजेत.

फेब्रुवारी २००० मध्ये साउथ कॅरोलायना राज्यात रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांच्याविषयी निनावी दूरध्वनी आणि पत्रकांच्या द्वारे अफवा पसरविण्यात आल्या. त्यांच्या कुटुंबात बांगलादेशातून दत्तक घेतलेली एक सावळी मुलगी होती. तिच्या जन्माविषयी असत्य सूचना करून वंशद्वेषाला खतपाणी घालण्यात आले. हे कोणी केले ते कधीच सिद्ध झाले नाही. व्यासपीठावर त्या सुमारास कोणी काय म्हटले यावरून असभ्यतेचे मोजमाप करू गेल्यास हा सर्वांत हीन प्रकार हिशेबातच येणार नाही, कारण त्याला वक्ताच नाही.

उलट प्रसंग जून २०१९ चा. मायामी येथील डेमोक्रॅटिक पक्षाच्या वादसभेत कमला हॅरिस यांनी जो बायडन यांच्यावर त्या संध्याकाळचा सर्वांत कठोर हल्ला केला. वर्णभेदाचे समर्थन करणाऱ्या जुन्या सिनेटरांविषयी बायडन यांनी काढलेले आदराचे उद्गार, आणि शाळांतील वर्णविभाजन मोडण्यासाठी मुलांना बसने दूरच्या शाळांत नेण्याच्या योजनेला त्यांचा जुना विरोध, हे दोन मुद्दे त्यांनी घेतले आणि त्या बसमधील एक लहान मुलगी आपण होतो असे सांगितले. मात्र आरंभीच, आपण बायडन यांना वंशद्वेष्टे समजत नाही, असे त्यांनी स्पष्ट केले होते. टीका व्यक्तीच्या सार्वजनिक कृतीवर होती; तिला कालाचा, स्थळाचा आणि अनुभवाचा आधार होता; आणि उत्तर देण्यास जागा ठेवली होती. ऑगस्ट २०२० मध्ये बायडन यांनी उपाध्यक्षपदासाठी हॅरिस यांचीच निवड केली. १९८० साली थोरल्या जॉर्ज बुश यांनी रेगन यांच्या अर्थनीतीला जादूटोण्याचे अर्थशास्त्र म्हटले होते, आणि तेही पुढे रेगन यांचे उपाध्यक्ष झाले. शब्द बोचरा होता. पण तो धोरणाला लावलेला होता, आणि धोरणाविषयीचे मत बदलता येते.

न्यायसूत्रांत जल्प आणि वितंडा यांनाही एक स्थान दिले आहे : अंकुराच्या रक्षणासाठी काटेरी फांद्यांचे कुंपण घालावे, तसे तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठी त्यांचा उपयोग करावा. राजकारणात काट्यांची गरज असते, हे यावरून मान्य करावे लागेल. प्रश्न एवढाच की कुंपणाच्या आत अंकुर आहे काय.

७

आता मूळ प्रश्नाकडे वळू : शब्द परत घेता येतो काय?

व्यवहार सांगतो की घेता येतो. जानेवारी २०१२ मध्ये न्यूट गिंगरिच यांनी रॉम्नी यांना दूरदर्शनवर खोटे बोलणारे ठरविले, आणि मे महिन्यात त्यांना पाठिंबा दिला. ३ मे २०१६ रोजी क्रूझ यांनी ट्रम्प यांच्या असत्यवचनाला विकृतीची उपमा दिली. जुलैच्या अधिवेशनात पाठिंबा न देता सदसद्विवेकाने मत द्या असे सांगितल्यावर त्यांची हुर्यो उडाली, आणि दुसऱ्या दिवशी, आपल्या पत्नीवर व वडिलांवर टीका करणाऱ्याला पाठिंबा देण्याची आपली रीत नाही, असे ते म्हणाले. सप्टेंबरमध्ये त्यांनी पाठिंबा दिला. रुबिओ यांनी हातांवरील विनोदाबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. आपल्या मुलांनाही त्याची लाज वाटल्याचे त्यांनी कबूल केले. ज्यांना ‘लिटल’ हे विशेषण मिळाले होते, तेच २०२५ साली ट्रम्प यांच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री झाले. हेली यांनीही जुलै २०२४ च्या अधिवेशनात पाठिंबा जाहीर केला.

यावरून असे म्हणता येईल की १९१२ च्या मानाने पक्ष आता अधिक समंजस झाले आहेत. ते फुटत नाहीत. परंतु या समेटाची किंमत कोठे तरी भरावी लागते. १९१२ मध्ये दोन्ही मित्रांनी जे म्हटले ते मनापासून म्हटले होते, म्हणूनच ते जखमी झाले आणि पक्ष दुभंगला. अलीकडच्या प्रसंगांत पक्ष दुभंगला नाही, याचा अर्थ एवढाच असू शकतो की तो शब्द तेव्हाही खरा मानला गेला नव्हता, किंवा नंतरचा पाठिंबा तरी खरा नव्हता. ऐकणाऱ्याला दोन्हींपैकी एक निवडावे लागते, आणि बहुतेक जण तिसरा मार्ग धरतात : ते कोणताच शब्द फारसा मनावर घेत नाहीत. ‘खोटारडा’ हे विशेषण स्पर्धेचा भाग म्हणून वापरले आणि विसरले गेले, की ज्या दिवशी खरोखर कोणाला खोटे बोलताना पकडावयाचे, त्या दिवशी त्यासाठी शब्द उरत नाही. वाक्पारुष्याची खरी हानी ज्याला शिवी दिली त्याच्यापुरती नसते; ती शब्दाच्या पतीला पोचते. नाण्यातील चांदी कमी केली तरी त्यावरचा छाप तोच राहतो, बाजारात मात्र ते घ्यावयास कोणी तयार होत नाही. भाषेचा अभ्यास करणाऱ्यांनी या विषयाकडे पाहावयाचे ते याच कारणासाठी.

रूझवेल्ट आणि टॅफ्ट यांची गोष्ट १९१२ मध्ये संपत नाही. मे १९१८ मध्ये शिकागोच्या एका हॉटेलात रूझवेल्ट एकटेच जेवत बसले असल्याचे टॅफ्ट यांना कळले. ते आपण होऊन त्यांच्याजवळ गेले. दोघांनी हात हातात घेतले, आणि भोवतालच्या लोकांनी जेवण थांबवून टाळ्या वाजविल्या. आठ महिन्यांनी, जानेवारी १९१९ मध्ये, रूझवेल्ट यांचा अंत झाला. त्यांच्या थडग्यापाशी टॅफ्ट यांना अश्रू आवरले नाहीत. बोललेले शब्द मागे घेण्यास त्यांना सहा वर्षे लागली होती. चार महिन्यांत होणाऱ्या समेटांशी तुलना केली तर हा अवधी फार मोठा वाटतो. परंतु शब्दाला काही वजन होते, याचाही तो पुरावा आहे.